गोठा बघायला मुलांना पाठवा

सकाळी साडेसातला सोसायटीच्या ग्रुपवर बी विंगमधल्या वहिनींनी एक फोटो टाकला. घरी केलेला, येशूच्या जन्माचा गोठा. पेंढा, मातीची मेंढरं, निळ्या कागदाचं आभाळ. खाली स्वच्छ मराठीत दोन ओळी: 'सर्वांना नाताळच्या शुभेच्छा. संध्याकाळी गोठा बघायला मुलांना पाठवा.' बस, एवढंच.

दहा मिनिटांत पहिलं उत्तर आलं. 'आज तुळशी पूजन दिवस असतो, याची सर्वांनी नोंद घ्यावी.' मग वृंदावनाचा फोटो. मग दुसरे उठले, 'आमचं नववर्ष गुढीपाडव्याला.' अहो, पण नववर्षाचं नाव तरी कुणी काढलं होतं? मग सेक्रेटरी, 'ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय.' दुपारपर्यंत ९४ मेसेज. आणि या सगळ्या धुमश्चक्रीत मधेच एकानं ख्रिसमस सेलची लिंक टाकली. मिक्सरवर चाळीस टक्के सूट. त्यावर सहा अंगठे! त्यातला एक तुळशीवाल्या काकांचा. सेक्रेटरींना तेव्हा सोसायटीचे विषय आठवले नाहीत.

मी पोस्टमनचा मुलगा. शुभेच्छा म्हणजे काय वजन असतं ते मी खांद्यावर बघितलंय.

ऐंशीच्या दशकात बाबा वसईला होते. डिसेंबर लागला की खाकी पिशवी पुरायची नाही, सायकलच्या हँडलला दोन्हीकडे दोन जादा पिशव्या लटकायच्या. सगळी ग्रीटिंग कार्डं. गावातली कार्डं बुक पोस्टानं यायची, पाकीट न चिकटवता झाकण नुसतं आत खोचलेलं. आखातातून आलेल्यांवर परकी तिकिटं. नाताळच्या सुट्टीत मी कधीकधी कॅरिअरवर बसून जायचो. (हो, नाताळचीच सुट्टी. शाळेत तिला दुसरं काही म्हटलेलं कुणाला आठवतंय का?)

निर्मळच्या बाजूला एक म्हातारी होती. बाबा तिला मावशी म्हणायचे. मुलगा बहारीनला. दर वर्षी त्याचं एक कार्ड यायचं. वर चकचकीत चांदी, आत छापील इंग्रजी कविता आणि खाली फक्त त्याची सही. मावशीला इंग्रजी यायचं नाही. ती बाबांना ओट्यावर बसवायची, पाणी द्यायची आणि म्हणायची, वाच. बाबा मॅट्रिक. कवितेवर बोट फिरवत ते ठासून वाचायचे, 'आई, तब्येतीला जप. गुडघ्याला तेल लाव. पुढच्या वर्षी नक्की येतो.' कार्डावर त्यातलं अक्षरही नसायचं. मला थोडं इंग्रजी यायला लागल्यावर मी एकदा बोलणार होतो, तर बाबांनी माझ्या पायावर पाय दिला.

मावशी पाकिटावरचं तिकीट कापून मला द्यायची आणि बाबांना सुक्या केळपानात बांधलेली सुकेळी. बाबा गळ्यात तुळशीची माळ घालणारे. आषाढीला रजा मिळाली नाही तर चार दिवस घुम्यासारखे वागायचे. त्या माळेला कधी त्या ओट्यानं धक्का लागला नाही.

म्हणून तुळशीवाल्या काकांना माझं सांगणं आहे. तुळशीचं लग्न कार्तिकात लागलं. आपल्या सोसायटीतच लागलं, ऊस मी आणला होता. तुम्ही त्या दिवशी लोणावळ्याला होतात. मार्गशीर्ष-पौषात नेमक्या २५ तारखेला तुळस आठवते, ती तुळशीसाठी आठवत नाही हो. तुळस रोज पुजा. पण ती समोरच्या घराच्या उंबऱ्यात अडसर म्हणून नका लावू.

थांबा, चिडून लिहितोय. चहा घेऊन येतो.

हं. तर आता दुसरी बाजू. शाळा पालकांना वेठीला धरतात हे खरंय. आमच्या नातीच्या शाळेतून फर्मान आलं, लाल ड्रेस, टोपी, पांढरी दाढी. चार वर्षांच्या मुलीला दाढी! तीनशे एकोणपन्नास रुपये, एका दिवसासाठी. या वैतागाशी मी सहमत आहे. पण ही दाढी वहिनींनी नाही विकली. मॉलमध्ये उभा असलेला सांता बघितलात? कालचा पोरगा विशी-बाविशीचा होता, घामानं दाढीचा गोंद सुटलेला, फोटोच्या मधल्या वेळात हनुवटी खाजवत होता. त्याचा आणि बेथलेहेमच्या गोठ्याचा संबंध तेवढाच, जेवढा दिवाळीच्या कार लोनचा आणि लक्ष्मीपूजनाचा. आणि संक्रांत काय कमी आहे? हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे लुटतो आपण, डझनाच्या भावानं आणलेले, खाली दुकानाचं नाव छापलेले. तिळगुळाची पाकिटं नाताळच्या केकशेजारी त्याच फळीवर लागलीत, आज बघून आलो. बाजाराचं सगळ्यांशी गोड बोलणं चालू आहे.

आणि हे काही आजचं नाही. पहिलं छापील ख्रिसमस कार्ड १८४३ चं, लंडनच्या हेन्री कोल नावाच्या गृहस्थानं काढलेलं, एक शिलिंगला एक. म्हणजे विकायलाच. त्यावरही भांडण झालं, कारण चित्रात सगळं कुटुंब वाइन पितंय आणि लहान पोरीच्याही तोंडाला पेला लावलाय. त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीच्या मॅसॅच्युसेट्समध्ये तर १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंडच बसवला होता. तो कुणी? कट्टर ख्रिस्ती लोकांनीच! आमच्या काकांचं त्यांच्याशी छान जमलं असतं. न्यू जर्सीचा माझा मावसभाऊ सांगतो की तिकडे 'मेरी ख्रिसमस' म्हणायचं की 'हॅपी हॉलिडेज' यावरून अजून लोक एकमेकांवर डोळे काढतात. तो बिचारा लिफ्टमध्ये नुसती मान हलवतो.

पण तिकडचं तिकडे. आपल्याकडे निदान शब्दावरून तरी भांडायला नको होतं. नाताळ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि साबण, बटाटा, पाव यांच्यासारखा घरचा झाला. कालनिर्णय १९७३ पासून भिंतीवर आहे, त्यात एकादशीही असते, ईदही आणि नाताळही. त्याच्यावर दुधाचा हिशेब लिहिताना कुणाचा धर्म बुडाल्याचं ऐकलं नाही. वसईकडच्या नंदाखालचे फादर दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही हेच तोंडसुख घेतलं गेलं होतं. ज्या माणसानं आयुष्यभर मराठीत लिहिलं, त्याला मराठीच्या मांडवात पाहुणा ठरवायला निघाले होते.

वहिनीही तिकडच्याच, वसईच्या. माझ्यापेक्षा शुद्ध मराठी लिहितात. गणपतीत आरतीला टाळ त्यांचा मुलगा वाजवतो. (हे सांगावं लागतंय याचीही लाज वाटते. टाळ वाजवत नसता तर काय शुभेच्छा द्यायचा हक्क गेला असता?)

मावशीचं राहिलं. एका डिसेंबरात तो मुलगा खरंच आला. आम्ही ओट्याशी पोचलो तर हा समोर, हातात सोन्याचं घड्याळ. मावशी त्याला म्हणाली, 'दर वर्षी लिहायचास येतो येतो, आलास एकदाचा.' त्यानं आधी तिच्याकडे बघितलं, मग बाबांकडे. बाबा पिशवीत काहीतरी शोधायला लागले. पिशवीत आमच्या वाटेचं आणखी काही नव्हतं. तो नुसतं 'हो आई' म्हणाला आणि आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आला. फाटकाशी काही बोलेल असं वाटलं. बोलला नाही. सायकल मात्र त्यानं धरून ठेवली, मी कॅरिअरवर बसेपर्यंत.

पुढच्या वर्षीच्या कार्डावर छापील कवितेखाली निळ्या शाईत मराठी होतं. वाकडंतिकडं, चार ओळी. बाबांनी तेवढंच वाचलं, गुडघ्याचं तेल त्यात नव्हतं. बाबांनी ते आपल्याकडून घातलं.

लिहिता लिहिता बघतोय, 'धिस मेसेज वॉज डिलीटेड'. वहिनींनी गोठ्याचा फोटो काढून टाकला. मिक्सरची लिंक आहे अजून.

नात मघापासून चपला घालून दारात उभी आहे, दाढीही लावून. बायको डब्यात गाजर हलवा भरतेय. बी विंगला जाऊन येतो. कमेंटांना उत्तरं रात्री.