भोक जरा बाजूला आहे, पण टेप अस्सल आहे

आठ महिने वाट पाहिली आणि परवा ती जॅझची जुनी रेकॉर्ड, नव्याने छापलेली, एकदाची हातात पडली. १९५८ सालचं ध्वनिमुद्रण, पियानो, बास आणि ड्रम्स असं त्रिकूट, ४५ आरपीएमवर दोन तबकड्या, पुठ्ठ्यासारखं जाड गेटफोल्ड (पुस्तकासारखं उघडणारं वेष्टन), मागे सोनेरी शाईत अनुक्रमांक. हात धुऊन उघडली. पहिली बाजू छान. दुसरी छान. तिसऱ्या बाजूवर सुई टेकवली आणि टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, पाळण्यासारखा डोलायला लागला. मधलं भोक मध्ये नव्हतं. नेमकी संथ चाल सुरू होती. लांबवलेला प्रत्येक सूर साधारण सव्वा सेकंदात एकदा चढायचा, एकदा उतरायचा. वादळात सापडलेल्या बोटीवर पियानो ठेवला असता तर असाच वाजला असता.

तक्रार केली. 'व्हिडिओ पाठवा.' पाठवला. 'आवाजासह पाठवा.' तोही पाठवला. अकरा दिवसांनी उत्तर आलं: ही बाब उत्पादनाच्या मान्य मर्यादेत बसते, आपल्या संगीतप्रेमाबद्दल आम्ही ऋणी आहोत. आणि त्याच ईमेलच्या तळाशी जाहिरात: तोच अल्बम, या खेपेला मोनोमध्ये, प्रीऑर्डर सुरू.

इतक्या महागात घेतलेलं शिक्षण एकट्याने पचवणं बरं नव्हे. तेव्हा जॅझचे रीइश्यू, म्हणजे जुन्या रेकॉर्डच्या नव्या छपाया, जमवायला निघालेल्या नव्या मंडळींसाठी चार शब्द.

सर्वांत आधी, आपल्याला काय ऐकायला आवडतं हा प्रश्न मनातून काढून टाका. काय संपत आलंय, एवढंच बघायचं.

एकच अल्बम किमान पाच वेळा विकत घ्या. एका प्रतीवर समाधान मानणाऱ्याला फार तर श्रोता म्हणता येईल, संग्राहक नव्हे. ब्लू नोट या जॅझच्या नामांकित कंपनीचीच गोष्ट घ्या. मूळ प्रेसिंग, म्हणजे पहिली छपाई, परवडत नाही म्हणून पुढे ब्लू नोट विकत घेणाऱ्या लिबर्टीच्या काळातलं घ्यायचं. ते जरा घासलेलं निघतं म्हणून जपानी घ्यायचं, ओबीची, म्हणजे मुखपृष्ठाभोवतीची कागदी, पट्टी शाबूत हवी, नाहीतर कशाला घेतलं? मग मूळ ध्वनिमुद्रण करणाऱ्या रूडी व्हॅन गेल्डरने उतारवयात स्वतः रिमास्टर केलेली सीडी, मग ४५ आरपीएमचा जोड, आणि २०१९ पासून ब्लू नोटची टोन पोएट ही रीइश्यू मालिका आहेच. माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' तर याचा नमुनाच. २ मार्च १९५९ च्या सत्रात मास्टर टेपचं यंत्र जरा सावकाश फिरत होतं. त्यामुळे ती टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना किंचित चढ्या सुरात ऐकू येत. जगाने तीसेक वर्षं त्या तशाच ऐकल्या, कित्येकांनी त्यावर हात बसवला, आणि १९९२ मध्ये कुठे चूक दुरुस्त झाली. आता तुमच्याकडे दुरुस्त प्रत हवी, कारण ती बरोबर आहे. आणि चुकलेलीही हवी, कारण ती अस्सल आहे.

रेकॉर्ड वजनावर घ्या. १८० ग्रॅमची असेल तर संगीत गंभीर, २०० ग्रॅमची असेल तर अजरामर.

श्रिंक रॅप फाडू नका. आत संगीत आहे अशी श्रद्धा ठेवा.

उशीर झाला तर कारण विचारू नका. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियात बॅनिंगला लॅकरच्या चकत्या (छपाईआधी खोबणी कापतात त्या) बनवणारा कारखाना जळाला आणि त्या बनवणारं जगात दुसरं एकच ठिकाण उरलं, जपानमधलं. अडचण खरी होती, नाकारत नाही. पण माझी ऑर्डर त्या आगीनंतर कित्येक वर्षांनी दिलेली आहे, आणि धूर अजून निघतोच आहे.

आता 'मर्यादित आवृत्ती' आणि 'पूर्ण अ‍ॅनालॉग' (म्हणजे टेपपासून तबकडीपर्यंत कुठेही डिजिटल नाही) या दोन मंत्रांबद्दल. यावर शंका घेणं म्हणजे पाप. तरी २०२२ मध्ये एकाने ते केलं. मोबाइल फिडेलिटी या कंपनीने 'थ्रिलर'ची वन-स्टेप आवृत्ती जाहीर केली, मर्यादित, फक्त ४०,००० प्रती. (जॅझ नव्हे, माहीत आहे. निर्माता जॅझवाला क्विन्सी जोन्स होता, तेवढ्यावर चालवून घ्या.) वन-स्टेप म्हणजे काय? एरवी लॅकर कापायचं, त्यावरून फादर, फादरवरून मदर, मदरवरून स्टॅम्पर, अशा पिढ्या पडतात. वन-स्टेपमध्ये मधल्या दोन्ही पिढ्या गाळून लॅकरवरून थेट छापायचा साचा. आवाज चांगला, पण एका लॅकरमधून मोजक्याच प्रती निघतात, पुढच्या प्रतींसाठी पुन्हा नवं लॅकर कापावं लागतं. मग ४०,००० प्रतींसाठी ती अनमोल मूळ टेप यंत्रावर किती वेळा फिरवणार? एवढा साधा गुणाकार. अ‍ॅरिझोनातल्या एका रेकॉर्ड दुकानदाराने हा विषय जाहीरपणे काढला आणि कंपनीच्या इंजिनिअरांनी सांगून टाकलं की मध्ये एक डिजिटल पायरी असते. टेप आधी डीएसडी या डिजिटल स्वरूपात उतरवायची, मग कापायचं. आणि हे काही त्या एकाच रेकॉर्डपुरतं नव्हतं, वर्षानुवर्षं चाललं होतं. प्रकरण कोर्टात गेलं, पैसे परत करायची पाळी आली.

मला मजा वेगळ्याच गोष्टीची वाटली. ज्यांना म्हणे डिजिटलचा वास शेजारच्या खोलीतून येतो, तेच कान त्याच रेकॉर्डींवर वर्षानुवर्षं पानंच्या पानं लिहीत होते. काय ती ऊब, काय तो अ‍ॅनालॉगचा श्वास! डीएसडी चांगलं वाजतं हो, प्रश्न तो नव्हताच. प्रश्न होता पेटीवर काय लिहिलंय आणि पेटीत काय आहे. पण रागावले ते आपलं पितळ उघडं पडलं म्हणून.

बरं, पुढे. फारच काटकसर करायची असेल तर युरोपातली स्वस्त प्रेसिंग घ्या. तिथे ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी ५० वर्षांचा होता. २०१३ मध्ये तो ७० वर्षांचा झाला, पण १९६३ च्या आधी प्रकाशित झालेला माल तोवर मोकळा सुटला होता. म्हणजे जॅझचं अर्धं सुवर्णयुग. कुणीही यावं, सीडी घ्यावी, ती तबकडीवर छापावी, वर 'ऑडिओफाइल' असं लेबल डकवावं. सगळं कायदेशीर. सीडीचा आवाज रेकॉर्डवर ऐकायची सोय याहून स्वस्तात होणार नाही.

गाळलेले टेक, म्हणजे एकाच रचनेच्या तेव्हा नाकारलेल्या खेपा, जरूर विकत घ्या. ते का गाळले होते हे वादकांना कळत होतं. तुम्हाला कळायची गरज नाही.

आणि लेबलांच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांच्या, गरिबीवर कायम विश्वास ठेवा. जॅझमध्ये पैसा नाही हे वाक्य सतत कानावर पडलं पाहिजे. एके काळी ते खरंही होतं. मंक आणि बिल एव्हान्स या पियानोवादकांची रेकॉर्डिंग करणारं रिव्हरसाइड, मालकांपैकी बिल ग्राउअर १९६३ च्या डिसेंबरात वारला आणि पुढच्या वर्षी दिवाळं निघालं. तोट्याने मेलं तर समजू शकतं, पण या धंद्यात हिट रेकॉर्डही गळ्याशी यायची. लहान लेबलला छपाईचे पैसे आधी ओतावे लागतात. वितरक माल उचलतात, पैसे सवडीने देतात, न खपलेलं परत पाठवतात, आणि वर विचारतात, पुढचं हिट कधी? ब्लू नोटने काढलेलं ट्रम्पेटवादक ली मॉर्गनचं 'द साइडवाइंडर' १९६४ मध्ये धो धो चाललं. वर्ष-दोन वर्षांत संस्थापक आल्फ्रेड लायनने ब्लू नोट लिबर्टीला विकून टाकलं. १९३९ मध्ये उभं केलेलं घर होतं ते. हिट झालं म्हणून दम लागला, असा हा धंदा.

पण ती गरिबी त्यांची होती. आज जे तिच्या नावाने गळा काढतात, त्यांचा खर्च काय आहे? स्टुडिओचं भाडं आयझेनहॉवरच्या काळात, १९५० च्या दशकातच, फिटलं. वादकांना त्या दिवसाचं ठरलेलं मानधन मिळालं. रॉयल्टीचा करार असलाच तर रेकॉर्डिंगचा खर्च आधी कलाकाराच्या खात्यातून वळता व्हायचा, म्हणजे खातं वर्षानुवर्षं उणेच. प्रेस्टीज या लेबलने १९५६ मध्ये माइल्स डेव्हिसकडून दोन दिवसांच्या सत्रांत जवळजवळ चार अल्बमांचा माल भरून घेतला. करार संपवून त्याला कोलंबिया या बड्या कंपनीकडे जायचं होतं. तो तिकडे जाऊन मोठा झाला, आणि इकडे तोच माल १९६१ पर्यंत ठिबकत राहिला. मग १९७१ मध्ये प्रेस्टीज फँटसीकडे गेलं, २००४ मध्ये फँटसी कॉन्कॉर्डकडे. ब्लू नोट लिबर्टीकडून युनायटेड आर्टिस्ट्सकडे, मग ईएमआयकडे, २०१२ मध्ये युनिव्हर्सलकडे. गोठ्यासकट गुरं विकावीत तशा टेपा विकल्या गेल्या. सनई-चौघडा नाही, निरोप नाही, वादकाच्या घरी साधं पत्र नाही. आणि मला सांगतात, किंमत वाढवावी लागली, पुठ्ठा महागलाय!

सगळेच तसे नव्हते, हेही सांगतो. लायन वादकांना तालमीचे पैसे द्यायचा, ते ऐकूही येतं. आणि मायकल कस्कुनासारखा माणूस १९७५ पासून ब्लू नोटच्या तळघरात शिरून टेपांचे डबे उघडत बसला, पुढे मोझेक हे रीइश्यूंचं लेबल काढलं, तो नसता तर सॅक्सोफोनवादक टीना ब्रुक्स कोण हे आपल्याला ठाऊक नसतं. ब्रुक्सने ब्लू नोटसाठी स्वतःच्या नावाने चार अल्बमांचं ध्वनिमुद्रण केलं. त्याच्या हयातीत बाहेर आला एक, 'ट्रू ब्लू'. दुसऱ्याला क्रमांक मिळाला होता, ४०५२, मुखपृष्ठसुद्धा तयार होतं. निघालाच नाही. तो १९७४ मध्ये गेला, बेचाळीस वर्षांचा. 'मायनर मूव्ह', १९५८ मध्ये वाजवलेला, १९८० मध्ये जपानमध्ये निघाला. तो ऐकताना मला दरवेळी वाटतं, रीइश्यू या शब्दाला काही अर्थ असेल तर तो इथे आहे. डब्यात कोंडलेलं बाहेर काढणं. विकलेलंच सहाव्यांदा विकणं नव्हे.

आणि आता सॅक्सोफोनवादक हँक मोब्ली. त्याच्या एका अल्बमचा क्रमांक, ब्लू नोट १५६८. आपल्या जमातीतला सगळ्यात पवित्र आकडा. का पवित्र? काही प्रतींच्या एका बाजूच्या लेबलवर पत्त्यात 'एनवायसी' छापलंय आणि दुसऱ्या बाजूला 'न्यू यॉर्क २३'. छापखान्यात जुनी लेबलं उरली होती, कुणीतरी ती वापरून टाकली. या पत्त्यापायी लोक हजारो डॉलर मोजतात. भिंग घेऊन बसतात. डेड वॅक्समधली, म्हणजे संगीत संपल्यावरच्या कोऱ्या पट्टीतली, प्लास्टीलाइट या छापखान्याची 'कान' नावाची खूण बोटाने चाचपतात. त्या रेकॉर्डीवर मोब्ली काय वाजवतो हे विचारा, गप्प. मोब्ली शेवटी शेवटी काही काळ बेघर होता. १९८६ मध्ये न्यूमोनियाने गेला. त्या हजारो डॉलरमधला एक सेंट त्याच्याकडे कधी गेला नाही. जाणार कसा? तुम्ही एकमेकांनाच विकताय!

आता सल्ले पुरे, डोकं फिरलंय.

अरे, भोक मध्यात पाडा! सव्वासात मिलिमीटरचं एक भोक आहे. शंभर वर्षांहून जास्त काळ माणूस तबकड्या छापतोय, हे जमलं पाहिजे. ते एक मिलिमीटर सरकलं तरी आतल्या खोबणीत सूर या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या सुराच्या निम्म्याने झोके खातो. ज्याला ही 'मान्य मर्यादा' वाटते त्याने रेकॉर्ड विकू नये, पापड विकावेत. सोनेरी शाईला पैसे आहेत, गेटफोल्डला आहेत, टेपच्या डब्याचा फोटो छापायला आहेत, आणि छापून आलेली तबकडी एकदा वाजवून बघायला माणूस नाही?

आणि तुम्हीही ऐका, इतका वेळ मान डोलावताय म्हणून सांगतो. दोन प्रती घ्यायच्या, एक ठेवायला आणि एक दुप्पट दराने विकायला, हे बंद करा. त्याला संग्रह नाही म्हणत, काळाबाजार म्हणतात. तुमच्यामुळे ज्याला खरंच ऐकायचंय त्याला मिळत नाही, आणि लेबलला वाटतं काहीही खपतं. वाकडं भोकसुद्धा. सदोष प्रत आली की निमूट परत पाठवा. 'असू दे, पॅक करून ठेवतो, किंमत वाढेल' म्हणू नका. आणि एखादी जिवंत सॅक्सोफोनवादक स्वतःच्या खिशातून पैसे घालून रेकॉर्ड काढते, वीस डॉलरला विकते, तेव्हा 'जरा महाग आहे' म्हणायची लाज वाटू द्या. ती अजून जिवंत आहे एवढाच तिचा दोष.

माझी ती तिसरी बाजू. काल रात्री गोल कानस घेतली आणि भोक मोठं केलं. काळा भुसा पांढऱ्या लेबलवर सांडला. तबकडी चकतीवर ठेवली, सुई टेकवली, टोनआर्म बघत बोटाने कडेला हलकेच टकटक करत राहिलो, थोडं इकडे, थोडं तिकडे. पंधरा-वीस मिनिटांनी आर्म स्थिर झाला. पियानो जमिनीवर आला. पूर्ण बाजू ऐकली, मग पुन्हा पहिल्यापासून.

ती प्रत आता कुणी विकत घेणार नाही, अनुक्रमांकासकट.