‘ऑपरेशनआधी फक्त आराम करा’ : हा सल्ला कुठे कुठे चुकतो

ऑपरेशनची तारीख ठरली की फोनवर एक संदेश हमखास येतो: ‘आता पूर्ण आराम करा, ताकद साठवा. श्वासाचे व्यायाम नंतर शिकवतातच. तोवर तीन चेंडूंच्या यंत्रात रोज जोरात फुंका. सिगारेट मात्र एकदम सोडू नका, कफ वाढतो.’ चार सल्ले, चारही चुकीचे.

‘ताकद साठवा’

स्नायूंची ताकद साठवून ठेवता येत नाही. पडून राहिलं की मांड्या-पोटऱ्या आठवड्याभरातच उतरू लागतात, आणि ऑपरेशननंतर खाटेवरून उठताना पहिली गरज त्यांचीच लागते. दोन-चार आठवडे हाताशी असतील तर रोज 20 ते 30 मिनिटं चालावं. वेग असा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. जोडीला हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, 10-10च्या दोन फेऱ्या. छातीत दुखत असेल, बसल्याजागी धाप लागत असेल, महाधमनीला फुगा असेल किंवा हृदयाची झडप आकसलेली असेल, तर सर्जनला विचारल्याशिवाय यातलं काहीही करू नये.

‘श्वासाचे व्यायाम नंतर शिकवतात’

सगळ्यात महागात पडतो तो हा गैरसमज. पूर्ण भूल दिली की श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू) वर सरकतं आणि फुप्फुसाचा पाठीकडचा, खालचा भाग मिटतो. थोड्याफार प्रमाणात हे बहुतेक सगळ्यांचंच होतं. चीर पोटाच्या वरच्या भागात असेल तर श्वासपटल पुढे काही दिवस नीट हलत नाही. दुखतं म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो. कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. ही साखळी पहिल्याच दिवशी सुरू होते. तेव्हा रुग्ण गुंगीत असतो, टाके ओढत असतात. नवं काही शिकायची ती वेळ नसते.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या तीन रुग्णालयांत पोटाच्या वरच्या भागाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या 441 रुग्णांवर एक चाचणी झाली, ती 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. माहितीपुस्तिका सगळ्यांनाच मिळाली. एका गटाला त्याशिवाय ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टने एकदाच 30 मिनिटं श्वासाचे व्यायाम शिकवले. नुसती पुस्तिका मिळालेल्यांत 27 टक्के रुग्णांना फुप्फुसाचा त्रास झाला, शिकवलेल्यांत 12 टक्के.

शिकायचं फार नाही. ताठ बसून नाकाने सावकाश, पोट-बरगड्या फुगेपर्यंत श्वास घ्या, 3 ते 5 सेकंद धरा, सोडा. असे 10 श्वास, थोडं थांबून आणखी 10. मग उशी चिरेच्या जागी घट्ट दाबून तीनदा खोका. खोकवत नसेल तर तोंड ‘ओ’सारखं उघडून, आरशावर वाफ धरतो तसा ‘हाऽ’ करत श्वास बाहेर टाका. शुद्धीवर आल्यापासून, जागेपणी दर तासाला हेच करायचं असतं. चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर श्वास फार घाईने होताहेत. थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या.

खाटेवरून उठायचंही आधीच गिरवून ठेवावं: गुडघे वाकवा, खांदे-कंबर एकत्र ठेवून कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि कोपराने रेटून बसा. सरळ उठून बसलं की सगळा ताण टाक्यांवर येतो. (छातीचं हाड उघडणार असतील तर हाताने रेटायचं की नाही, ते त्या टीमला विचारा.)

‘यंत्रात जोरात फुंका’

तीन चेंडूंचं हे यंत्र (स्पायरोमीटर) नळीतून श्वास आत ओढण्यासाठी असतं. फुंकल्याने फुप्फुस रिकामं होतं, आणि आपल्याला तर मिटलेला भाग उघडायचा असतो. चेंडूंवरचे 600, 900, 1200 हे आकडे दर सेकंदाला किती मिलिलिटर हवा आत जाते ते सांगतात. किती हवा भरली ते त्यावरून कळत नाही. म्हणून झटका देऊन तिन्ही चेंडू उडवण्यात अर्थ नाही. एक-दोन चेंडू वर तरंगत ठेवणारा लांब, संथ श्वास हवा. शिवाय नुसतं यंत्र ओढत बसलं म्हणून चालणं आणि खोकणं टळत नाही.

‘सिगारेट एकदम सोडू नका’

चार आठवडे किंवा त्याहून आधी सोडणं उत्तम. पण उशिरा सोडल्याने धोका वाढतो, याला आधार नाही. अगदी आदल्या दिवशी सोडली तरी रक्तातला कार्बन मोनॉक्साइड 24 तासांत बराच उतरतो आणि तेवढा जास्त ऑक्सिजन रक्तात मावतो.