खुलासा : बायोफार्मा मिशनमधून रुग्णांना मोफत इंजेक्शनं मिळत नाहीत

‘केंद्राच्या नॅशनल बायोफार्मा मिशनमधून कर्करोगाची महागडी इंजेक्शनं मोफत, आधार आणि रिपोर्ट या नंबरवर पाठवा’ असा मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

मिशन खरं आहे. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. खर्च २५ कोटी डॉलर, त्यातला निम्मा जागतिक बँकेच्या कर्जातून. ते राबवण्याचं काम ‘बायरॅक’ या सरकारी संस्थेकडे देण्यात आलं. पण मंजुरीच्या वेळच्या सरकारी पत्रकातच उद्देश स्पष्ट आहे: औषधं, लसी, उपकरणं विकसित करणं आणि त्यासाठी सामाईक सुविधा उभारणं. रुग्णांना थेट औषधवाटप त्यात नाही.

उदाहरणार्थ, पुण्यातल्या व्हेंचर सेंटर या नवउद्योगांना मदत करणाऱ्या संस्थेत या मिशनच्या मदतीने प्रथिन-औषधं तपासणारी प्रयोगशाळा उभी राहिली आहे. ही औषधं जिवंत पेशींत तयार होतात. पेशी वाढवण्याची पद्धत जराशी बदलली, तरी प्रथिनाला जोडलेल्या शर्करेच्या साखळ्या बदलू शकतात आणि औषधाचा गुणही. म्हणून बायोसिमिलर, म्हणजे अशा मूळ औषधासारखंच दुसरं औषध, बनवणाऱ्याला मूळ औषधाशी बारकाईने तुलना करून दाखवावी लागते. त्यासाठीची यंत्रं लहान कंपन्यांच्या आवाक्याबाहेरची असतात. सार्वजनिक पैसा इथे लागतो, आणि तो लागायलाच हवा.

कृपया हा मेसेज पुढे पाठवू नका, कुणालाही आधार किंवा रिपोर्ट देऊ नका. घरात रुग्ण असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, कोणते उपचार बसतात ते तिथे कळेल.