बर्फाचा गोळा एकच, तो आधी वाया घालवा

डिसेंबर लागला की टीम शूटर गेमांना थंडी भरते. काल ज्या गल्लीत स्नायपरने तुमच्या डोक्यात गोळी घातली, त्याच गल्लीत आज दिव्यांच्या माळा लागतात, कोपऱ्यात ख्रिसमसचं झाड उभं राहतं आणि तोच स्नायपर लाल टोपी घालून तीच गोळी घालतो. अशा मंगल प्रसंगी कसं वागावं याची अनेकांना नीट माहिती नसते. सणाचा पुरेपूर आनंद घ्यायचा तर काही पथ्यं पाळावी लागतात.

सुरुवात जागरणापासून. असे इव्हेंट बरेचदा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे अकरा वाजले की उघडतात, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेबाराला. सकाळी उठून सावकाश खेळता येतं, पण तो भाविकाला शोभणारा मार्ग नव्हे. जागे राहा, पॅच, म्हणजे गेमची नवी भर, उतरताना टक्के मोजत बसा. अडीचला लॉबीत पोचाल तेव्हा कळेल की टीम सहा जणांची आहे आणि बाकीचे पाच मित्र घोरत आहेत. मग अनोळखी पाच जणांबरोबर जा आणि माइक बंद ठेवा. घरचे उठतील.

ओव्हरवॉच या टीम शूटरमध्ये विंटर वंडरलँड हा हिवाळी सण पहिल्यांदा आला १३ डिसेंबर २०१६ ला आणि सोबत मेई या बर्फवाल्या नायिकेची बर्फयुद्धं घेऊन आला. दोन्ही बाजूंना सहा-सहा, बाराच्या बारा मेई. हातात बर्फाचा गोळा एकच. लागला तर समोरची मेई त्या फेरीपुरती बाद, चुकला तर जमिनीवरच्या बर्फाच्या ढिगाशी जाऊन पुन्हा भरायचा. इथे सल्ला सोपा आहे: फेरी सुरू होताच, समोर कोणी दिसायच्या आत, गोळा सोडून मोकळे व्हा. कोणी दिसलंच, तर ती या क्षणी जिथे उभी आहे नेमका तिथेच नेम धरा. गोळ्याला पोचायला वेळ लागतो, तोवर ती दोन पावलं सरकलेली असते. पुढच्या जागेचा अंदाज घेऊन मारणं म्हणजे शुद्ध गणित, आणि सुट्टीत गणित कोण करतं?

गोळा गेला की सहाच्या सहा जणांनी एकाच ढिगाकडे धाव घ्यावी. एकी दिसते. पलीकडच्या टीममध्ये एखादी कंजूष मेई असतेच, जी आपला गोळा राखून, भिंतीआड उभी राहून, त्याच ढिगावर डोळा ठेवते. रिकाम्या हाताची मेई ढिगाशी आली की ती टिपते, मग स्वतः भरते, मग दुसरी टिपते. तिला चॅटवर भित्री म्हणा. असं म्हणत म्हणत फेरी हरता येते. अल्टिमेट, म्हणजे हळूहळू भरणारा हुकमी डाव, तयार झाला की काही सेकंद गोळे संपतच नाहीत, म्हणून तो शेवटची एकच शत्रू मेई उरेपर्यंत जपून ठेवा आणि मग आठवणीने विसरा. आणि बर्फाची भिंत हाताशी असेल तर ती आपल्याच माणसाच्या पळायच्या वाटेवर उभारावी. भिंत सुबक दिसते, त्याला काय वाटतं ते दुय्यम.

पुढच्या वर्षी यतीची, म्हणजे हिममानवाची, शिकार आली: पाच मेई आणि यती झालेला एक विन्स्टन, गेममधला गोरिला. यती नकाशावरचं मांस खात सुटतो आणि पोट भरलं की पिसाळतो. पिसाळला की पळायचं, निवळला की घेरायचं, एवढाच खेळ. तुम्ही उलट करा.

आता मुख्य विधी, म्हणजे खरेदी. पहिल्या वर्षी सणाच्या लेजेंडरी स्किनची, म्हणजे पात्राच्या सगळ्यात भारी पोशाखाची, किंमत ३००० क्रेडिट होती. एरवीची लेजेंडरी १००० ला मिळायची, पण थंडीचा कपडा महाग असणारच. तेव्हा क्रेडिट जमवायचा राजमार्ग म्हणजे लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर अशा पेट्या, उघडत राहणं आणि आधीच असलेली वस्तू पुन्हा निघाली की त्याचे क्रेडिट घेणं. साधी वस्तू पुन्हा निघाली तर ५, लेजेंडरी निघाली तर २००. म्हणजे १५ लेजेंडरी दुसऱ्यांदा मिळाल्या की एक स्किन तुमचा. साध्या वस्तूंवर विसंबलात तर ६०० पुरे. एका बॉक्सात चार वस्तू असत, ५० बॉक्सची थैली ३९.९९ डॉलरला मिळे, भागाकार घरी करा, घरच्यांसमोर करू नका. आणि पुढे जुन्या सणांचे स्किन वर्षभराने १००० ला मिळू लागले, ही गोष्ट लहान मुलांना कळू देऊ नका. वाट पाहण्याची सवय लागली तर सण बसतील.

बेल्जियमच्या लोकांना सणासुदीची जाणच नाही. एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या जुगार आयोगाने ज्या गेमांच्या पेट्यांना जुगार ठरवलं त्यांत ओव्हरवॉचही होता. ओव्हरवॉच २ आला ४ ऑक्टोबर २०२२ ला, पेट्या काढूनच. म्हणजे नशीब गेलं आणि दरपत्रक आलं: लेजेंडरी स्किन १९०० कॉइनला. आठवड्याची सगळी आव्हानं पार केली तर तेव्हा ६० कॉइन मिळत. सण तीन आठवड्यांचा आणि फुकटातल्या स्किनसाठी लागणारे आठवडे ३२, तेव्हा मे महिन्यात कामाला लागणारा भक्तच डिसेंबरात सजतो. त्याच हिवाळ्यात बॅस्टियनचा जिंजरब्रेडचा स्किन मात्र एका कॉइनला होता. एक! हा दर पाहून दुकानाचं दार उघडायचं आणि आत गेल्यावर बाकीच्या काचा बघत फिरायचं, एवढीच अपेक्षा होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये पेट्या परतल्या, फुकट मिळणाऱ्या. तोवर लोकांना पेट्यांची आठवण येऊ लागली होती, हे विशेष.

फुकटात काही हवंच असेल तर आव्हानं करा. २०१९ च्या सणात तीन विजयांना आयकॉन, सहाला स्प्रे आणि नवाला एपिक स्किन, दर आठवड्याला नवा. पहिले आठ सहज मारा आणि नववा शेवटच्या रात्रीसाठी ठेवा. त्या रात्री क्यूमध्ये असलेल्या प्रत्येकाला एकच विजय हवा असतो, त्यामुळे हीलर, म्हणजे टीमला बरं करणारं पात्र, कोणीच घेत नाही आणि ‘कोणीतरी हीलर घ्या’ असं पाचही जण लिहितात. सहावा गेम सोडून गेलेला असतो.

टीम फोर्ट्रेस २ या दुसऱ्या शूटरचा नाताळ, म्हणजे स्मिसमस, जुन्या वळणाचा. तिथे हत्यारंच सणासाठी घडवलेली. स्काउट या चपळ पात्राची कँडी केन, म्हणजे साखरेची काठी, घ्या: मारलेल्या शत्रूच्या जागी औषधाची छोटी पेटी पडते आणि त्या बदल्यात तुम्हाला स्फोटांचा मार २५ टक्के जास्त लागतो. जवळून बसलेलं रॉकेट एरवी सुमारे ११२ हेल्थ काढतं आणि १२५ हेल्थचा स्काउट कसाबसा जगतो. काठी खिशात असेल तर तेच रॉकेट १४० काढतं. हातात धरायचीही गरज नाही, नुसती जवळ बाळगली तरी पुण्य लागतं. स्पायची बर्फाची सुरी त्याहून सात्त्विक. पाठीत खुपसली की माणसाचा बर्फाचा पुतळा होतो आणि तो पुतळा रस्त्यात उभा राहून सगळ्यांना सांगतो की स्पाय इथेच आहे. आग फेकणाऱ्या पायरोने आग लावली की सुरी वितळते. मग पंधरा सेकंद रिकाम्या हाताने नाताळ. धिप्पाड हेवीचे हॉलिडे पंच हातमोजे मागून मारले की शत्रू मरत नाही, पोट धरून हसतो. तुमची टीमही थांबून हसते. मग त्याचा मेडिक येतो.

इथल्या क्रेटच्या, म्हणजे बंद खोक्याच्या, किल्लीला २.४९ डॉलर लागतात आणि अनयुज्वल, म्हणजे दुर्मिळ चमचमती, टोपी निघण्याची शक्यता शंभरात सुमारे एक. म्हणजे सरासरी २४९ डॉलरला एक टोपी, तीही कोणती ते तुम्ही ठरवणार नाही. २०२२ आणि २०२४ मध्ये खेळाडूंनी सर्व्हरांवरच्या बॉट, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्राम चालवतो अशा, स्नायपरांविरुद्ध मोहिमा चालवल्या. त्या बॉटना नावं ठेवू नका. सणावारी हजेरी लावण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आणि गेमच्या कॉमिकचा सातवा भाग २० डिसेंबर २०२४ ला आला, सहावा जानेवारी २०१७ चा. धीर धरणाऱ्याला नाताळबाबा देतो, फक्त तारीख विचारायची नाही.

एपेक्स लेजेंड्स या गेमच्या विंटर एक्स्प्रेसमध्ये तीन टीम एका आगगाडीसाठी भांडतात. आधी चढा. उरलेल्या दोघी तुम्हाला दोन्ही बाजूंनी भाजून काढतील, आणि घड्याळ संपताना ज्या टीमने आत्तापर्यंत एकही गोळी झाडली नव्हती ती डब्यात एकटी उभी असेल.

सण संपला की ओव्हरवॉचमधलं बर्फ नकाशासकट जातं. टीम फोर्ट्रेसमधली फेस्टिव्ह बंदूक मात्र तुमच्याकडे राहते. तिचा मार साध्या बंदुकीइतकाच, वर दिव्यांची माळ. मे महिन्यात, पंखा पाचवर, बनियनवर बसून ती वापरा. माळ तेव्हाही पेटलेली असते.