बुडाची लाली

गेल्या रविवारी सकाळी सव्वासात वाजता मी कोथरूडमधील आमच्या सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात वाकून पाहत होते. डब्यात मटाराची टरफले, चहाचा चोथा, कोणाकडच्या तरी सत्यनारायणाचे निर्माल्य आणि माझे अकरा टोमॅटो होते. आणि या सर्वांवर कोणीतरी आदल्या रात्रीचे बांगडे धुतलेले पाणी ओतून ठेवले होते. झाडलोट करणाऱ्या मावशींनी "काय हरवलं, ताई?" असे काळजीने विचारले. कानातली कुडी पडली असावी, असे त्यांना माझ्या चेहऱ्यावरून वाटले असणार. मी "टोमॅटो" असे सांगितल्यावर त्यांची काळजी तशीच राहिली, फक्त तिचा विषय बदलला.

"मंडईत वीस रुपये किलो मिळतायत की," त्या हळुवारपणे म्हणाल्या.

मावशींना हिशेब ठाऊक नव्हता. बियांचे पाकीट, दोन ग्रो बॅगा, लाल माती, शेणखत, कोकोपीट, निंबोळी पेंड आणि बांबूच्या काठ्या मिळून २,३४० रुपये झाले होते आणि टोमॅटो बारा लागले होते, म्हणजे नगाला १९५ रुपये. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या पुढे गेला, तेव्हा लोकांनी केवढा आक्रोश केला होता. माझ्या टोमॅटोंच्या दरात तेव्हा किलोभर टोमॅटो घेऊन वर कोथिंबीरही आली असती.

अर्थात ते साधे टोमॅटो नव्हते. ते काळे टोमॅटो होते. त्या वाणाचे नाव 'इंडिगो रोझ'. अमेरिकेतील ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत जिम मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोमॅटोच्या चिलीकडच्या आणि गॅलापागोस बेटांवरच्या रानटी भावकीतून आलेले गुण साध्या संकराने एकत्र आणून तो तयार केला आणि २०१२ मध्ये तो बागकाम करणाऱ्यांच्या हाती पडला. जांभळाला आणि वांग्याच्या सालीला जो रंग असतो, त्याच कुळातले अँथोसायनिन नावाचे रंगद्रव्य या टोमॅटोच्या सालीत उतरते. मात्र ते उतरते ते फक्त ऊन लागलेल्या भागावर. देठाच्या टोपीखाली, जिथे ऊन पोहोचत नाही, तिथे टोपी उचलून पाहिली तर चांदणीच्या आकाराचा फिकट ठसा राहिलेला दिसतो. मी ती चांदणी घरी आलेल्या प्रत्येकाला दाखवली आहे. प्रत्येकाने "अरे वा" म्हणून चहा मागितला आहे.

या टोमॅटोची खरी गंमत, आणि माझ्या दुःखाचे मूळ, असे आहे की तो पिकला की नाही हे कळतच नाही. साधा टोमॅटो हिरव्याचा लाल होतो आणि आपले मनोगत सर्वांसमोर मांडतो. हा मात्र बोराएवढा असतानाच काळा होतो आणि पुढे कित्येक आठवडे तसाच तकतकीत काळा राहून मालकाची परीक्षा पाहतो. पिकल्याच्या खुणा दोनच आहेत. एक म्हणजे त्याची चकाकी जाऊन तो किंचित मळकट दिसू लागतो आणि दुसरी म्हणजे त्याच्या बुडाशी, सावलीतल्या हिरव्या भागावर, लाली फुटते. त्या बुडाच्या लालीसाठी मी सहा आठवडे रोज सकाळी गच्चीवर उकिडवी बसून टोमॅटोंच्या खाली डोके घालत होते. या वयात गुडघ्यांना ते मानवत नाही.

लागवडीची कथा मी लांबवत नाही. ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर दहा बिया पेरल्या, सहा उगवल्या, दोन रोपे जगली आणि त्यातले एकच फळले. बगलफूट काढणे, सुतळीने काठीला बांधणे आणि पांढऱ्या माशीवर निंबोळी अर्क फवारणे हे सर्व यथासांग झाले. डिसेंबरात फुले येऊनही फळ धरेना, तेव्हा मी माझ्या नवऱ्याचा विजेवर चालणारा टूथब्रश फुलांच्या देठांना लावू लागले. यात हसण्यासारखे काही नाही. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागावर फळ धरते, पण तो पराग सुटायला त्याला थरथर हवी असते. ती थरथर भुंग्याला देता येते आणि मधमाशीला येत नाही, आणि भुंगा बिचारा पाचव्या मजल्यावर कशाला येईल? नवऱ्याने आठवडाभर "ब्रशला पिवळं काय लागतंय?" अशी पृच्छा केली आणि नंतर नवा ब्रश आणला. त्याचे पैसे मी वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

शनिवारी संध्याकाळी अकराही फळांच्या बुडाला लाली होती. (बारावे पानांत कोठेतरी दडलेले असल्याने ते मोजणीतून निसटले होते, त्याच्याकडे मी पुढे येते.) दाबून पाहिले, तर ती मऊ लागली. संधिप्रकाशात फोटो चांगले येत नाहीत, म्हणून मी तोडणी सकाळवर ढकलली. आयुष्यात मी अनेक गोष्टी सकाळवर ढकलल्या आहेत, पण इतका ताजा पश्चात्ताप एकीचाही झालेला नाही. रविवारी सात वाजता स्टीलचे ताट आणि इस्त्री केलेला पांढरा नॅपकिन घेऊन मी गच्चीवर गेले, तर झाडावर पानेच होती आणि शेजारी तिसऱ्या मजल्यावरचे काका प्राणायाम संपवून हात चोळत उभे होते.

काकांविषयी थोडे सांगणे भाग आहे. त्यांची सारी हयात कारकुनीत गेली, पण त्यांच्या मेहुण्यांची जुन्नर तालुक्यात पाच एकर टोमॅटोची शेती आहे आणि नारायणगावच्या बाजारात ते क्रेटच्या क्रेट माल पाठवतात. त्या पाच एकरांवर काकांचे शेतीविषयक ज्ञान भक्कम उभे आहे. सोसायटीतल्या कोणाच्याही कुंडीतले पान पिवळे पडले, की ते "आमच्याकडे जुन्नरला" या शब्दांनी सुरुवात करतात आणि समोरच्याचे दूध उतू जाईपर्यंत बोलत राहतात.

"वहिनी, वेळेवर लक्ष गेलं म्हणून बरं," काका म्हणाले. "नाहीतर सगळ्या गच्चीवर पसरला असता."

"काय पसरला असता?"

"तिरंगा."

प्रजासत्ताक दिनाला दोन आठवडे होऊन गेले होते. त्या दिवशी याच गच्चीवर ध्वजवंदन झाले होते आणि दोरी अडकल्यामुळे काकांनी भाषण लांबवले होते, तेव्हा त्याच संदर्भातले काही असावे अशा समजुतीने मी वर दांडीकडे पाहिले.

"तिकडे नाही, इथे. तिरंगा व्हायरस! दोन हजार वीस आठवतंय ना? आमच्याकडे जुन्नरला, संगमनेरला, अकोले तालुक्यात प्लॉटच्या प्लॉट गेले. वर एक रंग, मध्ये एक, खाली एक. मेहुण्याने उभं पीक उपटलं. मी तेव्हाच शिकलो, की रोगट फळ दिसलं की विचारत बसायचं नाही."

ते खोटे बोलत नव्हते. २०२० च्या उन्हाळ्यात त्या पट्ट्यात टोमॅटोवर खरोखरच तशी रोगराई आली होती, फळे धड लाल न होता पिवळी, हिरवी आणि चट्ट्यापट्ट्यांची होत होती आणि शेतकऱ्यांनीच त्या रोगाला तिरंगा हे नाव दिले होते. अशा माणसावर धड रागावताही येत नाही, कारण त्याच्या मेहुण्याचे नुकसान माझ्या नुकसानीपेक्षा निदान काही हजार पटींनी मोठे असते.

"काका, तो रोग नव्हता. तो त्यांचा रंगच होता."

"कोणता?"

"तिन्ही."

काकांनी माझ्याकडे जावयाकडे पाहावे तसे, अपमान न करता पण अविश्वासाने पाहिले. "वर काळा, कडेला हिरवट, बुडाला लाल. आणि हा रंग?"

"काळा रंग उन्हाने येतो. बुडाला ऊन लागत नाही, म्हणून तिथे लाल. लाल झाला, म्हणजे पिकला. आज तोडणारच होते मी."

"म्हणजे वांगं."

"वांगं नाही. टोमॅटो."

"रंग वांग्याचा, तकाकी वांग्याची, देठाची टोपी वांग्याची..."

"कुळ एकच आहे दोघांचं," मी म्हणाले आणि तिथेच घात झाला. माझी आजी टोमॅटोला बेलवांगी म्हणत असे, विदर्भातले लोक त्याला भेदरं म्हणतात, अशी माहिती मी उत्साहाच्या भरात पुरवली. आपल्याच विरुद्धचे पुरावे आपणच आणून देण्याची ही खोड मला शाळेपासून आहे.

"आजीला कळत होतं," काका समाधानाने म्हणाले. "म्हणजे काहीतरी करून याच्यात वांगं घातलंय. त्या जनुक घातलेल्या बीटी वांग्याला सरकारने दोन हजार दहात स्थगिती दिली, माहीत आहे ना? आणि तुम्ही हे सोसायटीच्या गच्चीवर लावलंत!"

मी त्यांना समजावले, की हा साध्या संकराचा वाण आहे आणि ते जनुके घातलेले जांभळे टोमॅटो वेगळे. ते इंग्लंडमध्ये नॉर्विचच्या जॉन इनेस सेंटरमध्ये कॅथी मार्टिन यांनी स्नॅपड्रॅगन नावाच्या फुलझाडाची जनुके घालून तयार केले, ते आतून-बाहेरून जांभळे असतात आणि त्यांचे बी २०२४ पासून अमेरिकेत घरगुती बागांसाठी विकले जाते. माझे टोमॅटो फक्त सालीला काळे होते आणि आतून तुमच्या-आमच्यासारखेच लाल होते. एवढ्या लांबलचक वाक्यातून काकांनी एकच शब्द उचलला.

"ड्रॅगन? ते मेहुण्याने पण लावलंय. पण ते पांढरं निघतं आतून."

त्यानंतर ड्रॅगन फ्रूटला सिमेंटचे खांब किती लागतात, यावर पाच मिनिटे गेली. मी ताट छातीशी धरून ऐकत होते. शेवटी त्यांनी मन मोठे केले. "असू दे. आभार मानायची गरज नाही. शेजारी म्हणून एवढं करायलाच पाहिजे," असे म्हणून ते जिन्याकडे वळले आणि मी, चार महिने राबलेली आणि १९५ रुपये नगाप्रमाणे नागवली गेलेली बाई, त्यांच्या पाठीला उद्देशून "थँक्यू, काका" असे म्हणाले. टोमॅटोंपेक्षा ते 'थँक्यू' माझ्या अधिक जिव्हारी लागले आहे. ते कोठून आले, हे मला अजून कळलेले नाही.

दुसऱ्याच्या झाडाला हात लावताना आपल्याकडे कोणालाही काही वाटत नाही, हे मात्र मला गंभीरपणे म्हणायचे आहे. पहाटे पिशवी आणि आकडीची काठी घेऊन रस्त्याकडेच्या कुंपणांवरची जास्वंद ओरबाडणारे भाविक मी वर्षानुवर्षे पाहते आहे. दुसऱ्याच्या चपलेला पाय लागला तरी वाकून नमस्कार करणारी ही माणसे दुसऱ्याच्या फुलांवर देवाची पूजा उरकतात. निदान देवाला फुले मिळतात. माझ्या टोमॅटोंना बांगड्याचे पाणी मिळाले. टोमॅटो गेल्याचे दुःख नाही, पण काका सोकावतात. सोमवारी सूचनाफलकावर "गच्चीवर रोगट झाडे ठेऊ नये" असा कागद लागला. समितीकडे तक्रार करण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती, म्हणून मी पेनने 'ठेऊ' चे 'ठेवू' केले आणि 'नये' चे 'नयेत' केले. मंगळवारी शेजारी दुसरा कागद लागला, "सूचनेवर लिहू नये". त्यात शुद्धलेखनाची चूक नव्हती, हे अधिक झोंबले.

बारावा टोमॅटो मला बुधवारी सापडला. खालच्या दाट पानांच्या आड तो काकांच्या आणि माझ्या नजरेतून सारखाच सुटला होता. मात्र जिथे काकांची नजर पोहोचली नाही, तिथे ऊनही पोहोचले नव्हते. तो लालभडक होता. एका खांद्यावर जांभळ्या शाईचे बोट पुसल्यासारखी सावली होती, बाकी सर्व मंडईतल्या वीस रुपये किलोवाल्यासारखे. ऑक्टोबरापासून चाललेल्या खटाटोपाचे हे एकमेव फळ होते आणि ते कोणाला दाखवावे असे नव्हते.

नवरा सार करू या म्हणाला. साराला टोमॅटो उकडून साल काढून टाकावी लागते, म्हणजे उरलीसुरली जांभळी सावलीही पुन्हा ओल्या कचऱ्यातच जाणार. मी त्याच्या चार फोडी केल्या आणि मीठ लावून खाल्ल्या. चव बरी होती. बरी म्हणजे आंबट, थोडी पाणचट, साल चिवट. या वाणाची ख्याती रंगासाठी आहे, चवीसाठी नाही, हे मला पाकीट घेतानाही ठाऊक होते, पण ते घरात कोणाला सांगण्याची वेळ आली नव्हती.

खाण्याआधी मी तो हातात घेऊन लिफ्टपाशी उभी होते, तेव्हा काका भेटले. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, फिरवून बुडाशी पाहिले, वास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघा!" ते म्हणाले. "रोगट काढून टाकले, म्हणून हा कसा निरोगी निघाला. बी धरा याचं, वहिनी. याचंच धरा. आणि मलाही द्या थोडं, आमच्या बाल्कनीत ऊन भरपूर आहे."

हा वाण मुळात संकरातून आला असला, तरी आता स्थिर झालेला आहे, त्याच्या बीपासून तसलेच काळे टोमॅटो येतात. आणि तो एक टोमॅटो लाल राहिला होता तो केवळ सावलीमुळे. काकांची बाल्कनी दक्षिणेला आहे. मी त्या फोडींतला गर वाटीत तीन दिवस आंबवला, बी धुतले आणि आता ते कागदावर वाळत ठेवले आहे. चांगली टपोरी सहा निवडून पुडीत बांधायची आहेत.