‘ईस्टरची हस्तकला म्हणजे नुसता कागदगोंद’ हे खरं नाही

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला की वडोदऱ्यातल्या मराठी ख्रिस्ती घरांमध्ये मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो. मुलांना ईस्टर शिकवायला घरी काही बनवत बसू नका, असं त्यात बजावलेलं असतं आणि चार कारणं दिलेली असतात. अंडं आणि ‘ईस्टर’ हे नाव दोन्ही बाबेलच्या इश्तार देवीकडून आली. हस्तकलेत मुलं रमतात, पण अर्थ डोक्यात शिरत नाही. आपल्याकडच्या उन्हात ताटलीतली बाग वगैरे टिकत नाही, त्यापेक्षा तयार संच मागवावा. शिवाय वधस्तंभ आणि कबर पाहून लहान मुलं घाबरतात. फतेहगंजपासून दांडिया बाजारापर्यंत शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचे रविवारचे धर्मवर्ग, घेणाऱ्या ताया हे वाचून बिचकत असतील, तर त्यांच्यासाठी हे सविस्तर उत्तर.

आधी नावाचं. ईस्टर आणि इश्तार यांचा उच्चार जवळचा वाटतो, एवढंच त्यांचं नातं. ‘ईस्टर’ हे नाव मुळात इंग्रजीतलं, आणि जर्मनमध्ये त्याचं भावंड आहे. बाकी ग्रीक, इटालियन, फ्रेंच या भाषांत या सणाचं नाव ‘पेसाह’ या इब्री शब्दावरून, म्हणजे वल्हांडण या यहुदी सणावरून आलं आहे. गोव्याच्या कोकणीतही ‘पास्कांचें फेस्त’च म्हणतात. आपण तर ‘पुनरुत्थानाचा सण’ म्हणतो. बीड नावाच्या इंग्लंडमधल्या मठवासीने इ.स. ७२५ मध्ये ‘एओस्त्रे’ देवीच्या नावाच्या महिन्याचा उल्लेख केला खरा, पण तोही इंग्रजी नावापुरता. सण त्याच्या कितीतरी आधीचा आहे. तो कोणत्या दिवशी पाळावा यावर मंडळीत दुसऱ्या शतकातच वाद होता, आणि ३२५ च्या निकेया इथल्या बिशपांच्या परिषदेपुढेही तोच प्रश्न होता.

अंड्याचंही तसंच. उपवासकाळात अंडी वर्ज्य असायची, कोंबड्या मात्र घालायच्या थांबत नसत. साठलेली अंडी सणाला बाहेर निघत. पूर्वेकडच्या मंडळ्यांमध्ये ती लाल रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून. कवच म्हणजे बंद कबर. घरी करायचं तर दहा-बारा कांद्यांची सालं एक लिटर पाण्यात अर्धा तास उकळावीत, गाळून दोन मोठे चमचे व्हिनेगर घालावं आणि अंडी त्यात मंद आचेवर बारा मिनिटं शिजवावीत. फ्रिजमधलं अंडं थेट गरम पाण्यात सोडलं की तडकतं, म्हणून अर्धा तास आधी बाहेर काढावं. आपल्या एप्रिलात उकडलेलं अंडं तासाभराच्या वर बाहेर ठेवून मुलांना खायला देऊ नये. आणि सोसायटीत अंडं चालत नसेल, तर ते नसल्याने ईस्टरच्या अर्थात काही उणं पडत नाही.

आता ‘अर्थ शिरत नाही’. हा आक्षेप अर्धा खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. छापील कोकरू रंगवून कापूस चिकटवला, तर मूल कापूस चिकटवायला शिकतं. पण दोष हस्तकलेचा नाही, निवडीचा आहे. ईस्टरच्या गोष्टीचा गाभा तिच्या क्रमात आहे: शुक्रवारी कबर बंद, शनिवारी काहीच नाही, रविवारी कबर उघडी. हा क्रम मुलाच्या हातून घडतो ती हस्तकला शिकवते. वीस मिनिटांत जोडून होणारा तयार संच नेमका इथेच कमी पडतो. त्याची कबर पहिल्या मिनिटापासून उघडी असते.

म्हणून पुनरुत्थानाची बाग, म्हणजे ताटलीत मातीची कबर, क्रूस आणि भोवती उगवलेली हिरवळ. ती उन्हात टिकत नाही, हा तिसरा आक्षेप. बाग एकच आठवडा टिकवायची असते, आणि उगवायला आपली ऊब सोयीचीच पडते. कुंडीखाली ठेवायची दहा-बारा इंची मातीची ताटली घ्यावी, कड दोन इंच तरी हवी. ताटली कोरडी असेल तर ती मातीतलं पाणी पिऊन टाकते, म्हणून आधी तासभर पाण्यात बुडवावी. तळाला बोटभर खडी, वर तीन भाग माती आणि एक भाग वाळू. चहाचं कुल्हड आडवं ठेवून त्यावर मातीची टेकडी करावी, तोंड समोर मोकळं राहील असं. ती झाली कबर. धोंड म्हणून चपटा दगड शोधावा, कुल्हडाच्या तोंडापेक्षा सगळीकडून अर्धा इंच मोठा. लहान दगड आत पडतो आणि गोल दगड घरंगळतो, तेव्हा आधी लावून बघावा आणि तो बसेल अशी बोटाने खाच करावी. तीन क्रूस आइस्क्रीमच्या काड्यांचे, सुतळीने बांधलेले. गोंद ओल्या मातीत दोन दिवसांत सुटतो.

पेरायला अळीव. इथल्या करियाणावाल्याकडे असेळियो म्हणून मागावा. एवढ्या ताटलीला दोन चहाचे चमचे पुरतात. अळीव भिजत घालू नये. त्याला बुळबुळीत थर सुटतो, दाण्यांचे गोळे होतात आणि पसरता येत नाहीत. ओल्या मातीवर कोरडाच भुरभुरावा आणि पाणी फवाऱ्याने द्यावं. तांब्याने ओतलं तर सगळं बी एका कडेला वाहून जातं. दोन दिवस ओलं फडकं झाकावं, मोड दिसले की काढावं. नंतर उजेडात, पण कडक उन्हात नाही. पूर्वेच्या खिडकीत सकाळी नऊपर्यंत पुरे. फवारा दिवसातून तीनदा.

मुळांपाशी पांढरी लव दिसली की पुष्कळजण बुरशी समजून ताटली फेकून देतात. एकदा फवारून बघावं. लव दिसेनाशी झाली तर ते मुळांचे केस आहेत. तशीच जाळ्यासारखी राहिली तर बुरशी. मग तेवढा भाग चमच्याने काढून पाणी कमी करावं आणि वारा लागू द्यावा.

पेरायचा दिवस झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो (२०२६ मध्ये ५ एप्रिल, २०२७ मध्ये २८ मार्च). तो कधीही असला तरी सात दिवसांत दीड-दोन इंच हिरवळ येते. ‘जास्त दाट होईल’ म्हणून पंधरा दिवस आधी पेरलं, तर सणाला पिवळी पडून लोळते. अळीव मिळाला नाही तर गहू. तो मात्र आठ तास भिजवून दोन दिवस आधी पेरावा. गुजरातेत व्रताचे जवारे आणि आपल्याकडे घटस्थापनेचं धान पाहिलेल्या मुलांना उगवण नवी नसते. त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातल्या बाराव्या अध्यायातला गव्हाचा दाणा सांगावा: जमिनीत पडून मेला नाही तर तो एकटाच राहतो.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) दुपारी तीन वाजता मुलाने पांढऱ्या फडक्याची गुंडाळी कुल्हडात ठेवावी आणि धोंड लावावी. शनिवारी फक्त पाणी. संध्याकाळी मुलाला विचारावं, ही धोंड आपल्यासाठी कोण लोटणार? मार्कच्या शुभवर्तमानात त्या स्त्रियांना हाच प्रश्न पडला होता. रविवारी उजाडण्याआधी मोठ्यांनी उठून धोंड बाजूला करावी, फडकं घडी घालून आत ठेवावं आणि मुलाला स्वतः वाकून आत बघू द्यावं. तेव्हा काही समजावू नये. आधी मुलाला बोलू द्यावं.

राहिली भीती. मुलांना क्रूरपणाचं चित्र नको, हे बरोबर. म्हणून गोष्ट वस्तूंतून सांगावी. बारा रिकाम्या काडेपेट्या घ्याव्यात, काड्या काढून घासायची बाजू कागदाने झाकावी आणि आकडे घालावेत. झावळीचा तुकडा, नाणं, पोळीचा तुकडा, बाभळीचा काटा, जांभळ्या कापडाची चिंधी, खिळा, फासा, व्हिनेगर लावलेला कापूस, पांढरं कापड, खडा, लवंग. बारावी रिकामी. रोज एक उघडायची, शेवटची ईस्टरला. बुधवारी सुरुवात केली की बरोबर बारा दिवस होतात, मात्र ईस्टरच्या आठवड्यातल्या नव्हे, त्याच्या आधीच्या बुधवारी. लवंग शनिवारी यायला हवी, कारण स्त्रिया सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्या त्याच्या आदली ही रात्र. काट्याचं टोक कापून घ्यावं. चार वर्षांखालच्या मुलांसाठी काटा आणि खिळा काढून तिथे काड्यांचा छोटा क्रूस आणि लाल दोरा ठेवला तरी चालतं.

‘त्याला दुखलं का?’ असं मूल येशूबद्दल विचारतंच. ‘हो, खूप दुखलं’ एवढं सरळ सांगावं आणि पुढची पेटी उद्या आहे हे दाखवावं. बारावी उघडल्यावर ‘यात ठेवायचं विसरलात’ असंही बहुतेक मुलं म्हणतात. तेव्हा पेटी उलटी करून झटकून दाखवावी आणि विसरलो नाही, ती रिकामीच असायला हवी, असं सांगावं.