नऊवारी नेसली म्हणजे गावरान झालं का?

जत्रांचा सीझन आला की महाराष्ट्रात तोच वाद पेटतो, डीजेवरच्या नाचाला लावणी म्हणायचं का आणि तमाशा अश्लील झालाय का. मी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवेला राहून हे सगळं वाचते आणि मला राहून राहून वाटतं की आपण भांडतोय कपड्यांवरून आणि हावभावांवरून, आणि खरा गावरानपणा जिथे असतो तिथे कोणी बघतच नाहीये.

तमाशातली बतावणीच घ्या ना, म्हणजे विनोदी संवादांचा भाग. सुरुवातीचं गणपतीचं स्तवन म्हणजे गण झाला, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी आणि त्यांची मावशी अडवून झाली, की सोंगाड्या जे सुरू करतो त्यात पाठ केलेलं कमी आणि समोरच्या गर्दीकडे बघून सुचलेलं जास्त, त्या गावचा सरपंच, न झालेला रस्ता, कांद्याचा भाव, सगळं त्यात येतं. संगीत बारीत, म्हणजे गाणं आणि अदा यांवर चालणाऱ्या लावणीच्या बैठकीत, बाई बसल्या जागी एकच ओळ घोळवते, दर वेळी अदा वेगळी, आणि ऐकणारा दाद देतो तशी ती पुढे जाते. यमुनाबाई वाईकरांनी ही बैठकीची लावणी आयुष्यभर जपली, २०१२ ला पद्मश्री मिळाली. हे सगळं रेकॉर्डेड ट्रॅकवर होऊच शकत नाही, नऊवारी कितीही खरी असली तरी.

इथेही पॉलिश केलेला नाच आहेच, हात अंगाला चिकटवलेले, कुरळे विग, चमचमते ड्रेस, आणि १९९४ च्या युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेत रिव्हरडान्स हा आयरिश नाचाचा कार्यक्रम झाल्यापासून तो जगभर गेला. पण गॉलवेजवळच्या कॉनेमारा भागातला शॅन-नोस, म्हणजे जुन्या पद्धतीचा नाच पण जिवंत आहे, हात मोकळे, पाय जमिनीलगत, जागा जेमतेम एका दाराएवढी, पूर्वी तर खरंच दार काढून खाली टाकायचे आणि त्यावर नाचायचे. त्या नाचणाऱ्याला कोणी सांगत नाही की जरा सभ्य हो.

अर्थात हे आपोआप झालं नाही. १९३५ मध्ये इथे नाचासाठी लायसन्सचा कायदा आला, पाद्रीही मागे लागले आणि घराघरातले नाच बंद पडत गेले. आपल्याकडेही स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, उठवली तेव्हा सेन्सॉर बसवला. पण नंतर इथले लोक त्याच खेडवळ वादकांकडे शिकायला गेले. क्लेअर परगण्यातल्या मिलटाऊन मॅल्बे गावात १९७३ पासून दर जुलैत विली क्लॅन्सी या पाईपवादकाच्या नावाने आठवडाभर शाळा भरते, तिथे जुनी माणसं पाहुणे नाही, मास्तर असतात. सगळं गोड आहे असं नाही हं, क्लॅन्सी ज्याचं ऐकून घडला तो जॉनी डोरान भटक्या ट्रॅव्हलर समाजातला, आणि त्या समाजाची हेटाळणी आजही थांबलेली नाही. तरी डोरानचं नाव इथले वादक आदराने घेतात.

आपल्याकडे मात्र कोल्हाटी, महार, मांग समाजातल्या ज्या माणसांनी ही कला जगवली त्यांना पुरस्कार मिळतात, मास्तरकी नाही. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपती पदक मिळालं आणि म्हातारपणी आजारपणात पैशासाठी ओढाताण झाली. आजही फडमालक, म्हणजे तमाशाचा मालक, सीझनच्या आधी कर्ज काढतो, कलाकारांना उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो, नारायणगावला राहुटी टाकून सुपाऱ्यांची, म्हणजे गावोगावच्या बुकिंगची वाट बघतो, आणि कोरोनात सलग दोन वर्षं जत्राच झाल्या नाहीत तेव्हा काय हाल झाले ते सगळ्यांनी पाहिलंय. अश्लीलतेवर तावातावाने बोलणाऱ्यांनी याच्यावर पण बोलावं.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना पण माझं हेच सांगणं आहे. गणपतीत मुली लावणी मनापासून करतात, मेहनत घेतात, पण ती शिकतात व्हिडिओ बघून. सिरियलमधल्या पाहुण्याला बोलवायला जमवतो ना आपण पैसे, मग एक वर्ष त्याच पैशात एक ढोलकीवाला आणि संगीत बारीतली एक जाणती बाई आठवडाभर बोलवा, व्हिसाची कागदपत्रं सहा महिने आधी सुरू करा, मानधन पाहुण्याइतकंच द्या, आणि त्यांना स्टेजवर सत्काराला नको, वर्गात शिकवायला बसवा.